एक्केचाळीस शाखा

पोर्टल उघडलं की सगळ्यात वर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘आपल्या गतीने शिका.’ आणि त्याच्या बरोबर खाली, लाल अक्षरांत, ‘अंतिम तारीख ३० नोव्हेंबर.’

मम्मीने पहिल्या दिवशी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा काढून ओढणीने पुसला, परत घातला आणि मला विचारलं, “रिचेल, यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं? माझी गती डिसेंबरची असली तर?”

मला उत्तर आलं नाही. आणि उत्तर न येणं हे मला तेव्हा अजिबात चालत नव्हतं, कारण पंधरा ऑगस्टला शाळेत सूत्रसंचालन मी केलं होतं. नववीतल्या मुलीला ते पहिल्यांदाच मिळालं होतं. मधेच माइक बंद पडला तरी मी थांबले नव्हते, तशीच ओरडून शेवटपर्यंत गेले. तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की जगात अवघड असं काही नसतं, फक्त लोक उगाच घाबरतात.

“तू नुसती बस,” मी म्हटलं. “मी शिकवते तुला.”

माझी मम्मी, लूर्डस, पाचूबंदरच्या, म्हणजे आमच्या समुद्रकाठच्या गावच्या वाचनालयात काम करते. एकटीच. ग्रंथपाल तीच, झाडू मारणारी तीच. वाचनालय म्हणजे बोटींच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली, सहा कपाटं, दोन बाकडी आणि एक कम्प्युटर. त्या कम्प्युटरला मम्मीने भरतकामाचं कव्हर शिवलं होतं आणि त्याच्यावर ती रोजचा पेपर ठेवायची. चांगला उपयोग होत होता त्याचा.

वाचनालय चालवणाऱ्या संस्थेची अशी सात वाचनालयं आहेत. संस्थेने ठरवलं की यापुढे सगळं वेबवर. सभासद, पुस्तकं, देवाणघेवाण, सगळं. त्यासाठी बारा धडे. कोणी शिकवायला येणार नाही, व्हिडिओ बघून आपलं आपण शिकायचं. शेवटी परीक्षा, तिला तीन संधी, पास व्हायला ऐंशी टक्के. ज्या वाचनालयाकडे तीस तारखेला सर्टिफिकेट नसेल ते बंद, आणि त्याची पुस्तकं तुळिंजच्या वाचनालयात हलवणार.

तुळिंजच्या नेहलने चार दिवसांत सर्टिफिकेट मिळवून ग्रुपवर टाकलं. मम्मीने त्याच्याखाली गुलाबाचं फूल टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

आमच्या वाचनालयाची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमचे वाचक बहुतेक वेळ समुद्रात असतात. बोट बाहेर गेली की आठ दिवस, दहा दिवस, कधी पंधरा. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि जाळं टाकून झालं की नुसतं थांबायचं असतं. म्हणून बोटीत बर्फ, डिझेल, तांदूळ चढतो त्या दिवशी बोटीवरच्या कोणाची तरी बायको वाचनालयात येते आणि पुस्तकांची पिशवी घेऊन जाते. पाच-सहा पुस्तकं, एकात एक अशा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वरून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. बोट परत आली की पिशवी परत येते. मग मम्मी ती पुस्तकं दोन दिवस गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवते, वास जावा म्हणून. पूर्ण जात नाही.

त्यामुळे आमच्या रजिस्टरमध्ये माणसांची नावं कमी आणि बोटींची जास्त आहेत. ‘देवमाता, सहा पुस्तकं.’ परतीच्या तारखेच्या रकान्यात मम्मी दर वेळी एकच लिहिते, ‘बोट आली की.’ बावीस वर्षांत चार पुस्तकं गेली. त्यातल्या एकापुढे लिहिलंय, ‘लाटेत गेले. खलाशी वाचला. देवाची कृपा.’

आता हे सगळं पोर्टलवर चढवायचं होतं.

सभासदाचा फॉर्म मी उघडला. पहिलं नाव, आडनाव. मी पहिल्या नावात ‘बोट’ टाकलं आणि आडनावात ‘देवमाता’. पोर्टल काही बोललं नाही. जन्मतारीख सक्तीची होती.

“बोटीची जन्मतारीख काय लिहू?”

मम्मीने फार विचार केला नाही. “फादरांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला तो दिवस लिही. त्याच्या आधी नुसती लाकडं होती.”

“स्त्री की पुरुष?”

“बोट ती असते.”

असे एक्केचाळीस सभासद झाले. सगळ्या बायका. मोबाइल नंबर तांडेलांचे, म्हणजे जे बोट चालवतात त्यांचे. परतीची तारीख पोर्टल आपोआप टाकायचं, सात दिवसांनंतरची. मी स्वतःवर इतकी खूश होते की मैत्रिणींना सांगत सुटले, आमच्या मम्मीचं वाचनालय पूर्ण डिजिटल केलं मी.

मग मम्मी परीक्षेला बसली आणि तिला सत्तर टक्के पडले.

“होतं असं,” मी म्हटलं. आठवड्याने परत बसली. परत सत्तर. दहातले तीन चुकले, आणि दोन्ही वेळा तेच तीन, परतीच्या तारखेवरचे. सहावा धडा. मला काही समजेना. मी लावून दिलेला प्रत्येक व्हिडिओ ती दोन-दोनदा बघत होती, वहीत लिहून घेत होती, कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात आहे त्याची चित्रंसुद्धा काढत होती. तिची वही बघून परीक्षा दिली असती तर मला शंभर पडले असते. मग हिला सत्तर का?

मी ठरवलं, हिला करून दाखवावं लागेल.

सरावासाठी पोर्टलमध्ये एक खोटं वाचनालय दिलेलं होतं. त्यात खोटी माणसं, खोटी पुस्तकं. तिथे काहीही दाबा, कोणाचं काही बिघडत नाही. खऱ्या वाचनालयाचं पान त्याच्यासारखंच दिसतं. फरक एवढाच की सरावाच्या पानाला वर निळी पट्टी असते आणि खऱ्याला हिरवी.

“हे बघ,” मी मम्मीला म्हटलं. “मुदत उलटली की काय करायचं? ‘स्वयंचलित कारवाई’ चालू करायचं. इथे. दाबलं. झालं. इतकं सोपं आहे.”

“पट्टी हिरवी आहे का गं?” मम्मीने विचारलं.

“निळीच आहे.”

तेवढ्यात कोणीतरी पुस्तक मागायला आलं आणि मम्मी उठली. पट्टी हिरवी होती.

दोन दिवस काहीच झालं नाही, कारण समुद्रात रेंज नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, बोटी परत यायला लागल्या. किनारा जवळ आला, रेंज आली आणि एकेका तांडेलाचा फोन वाजायला लागला. मी शाळेतून आले तेव्हा वाचनालयाच्या दारात गर्दी होती. सगळ्यात पुढे सेबेस्टियन काका, देवमाताचे तांडेल. घरी आम्ही सगळे आमचीच भाषा बोलतो. मम्मीचं बोलणं इथे मी थोडं सरळ करून लिहिलंय, पण काका सरळ होत नाहीत.

त्यांच्या हातात बोटीच्या कागदपत्रांची अख्खी फाइल होती.

“लूर्डस, सगले कागद आनलेत. बग काय राहिलाय. कोनी तरी बोटीला स्थगिती दिली.”

“कोणी?”

“त्ये लिहिला नाय. तू वाच.”

मम्मीने फोन हातात घेतला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. ‘प्रिय बोट देवमाता, मुदत उलटूनही परत न केल्यामुळे आपल्याला आजपासून स्थगित करण्यात आले आहे.’ पाठवणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं, नुसती सहा इंग्रजी अक्षरं.

“काय परत करायचा?” काका म्हणाले. “मासे?”

मागून कोणीतरी सांगितलं की संग्राम तांडेल कागद घेऊन सरकारी ऑफिसात निघालाय. दोन बोटी बर्फ भरून उभ्या आहेत, पण बाहेर जायला घाबरतायत, पकडलं तर काय सांगायचं. कोणी म्हणालं डिझेलचा काहीतरी नवीन नियम आलाय. सुझान काकी टोपली खाली ठेवून म्हणाली, “माझ्या नवऱ्याला पन आलाय. त्याला स्थगित करा, पन बोटीला कशाला?”

मम्मीने वर बघितलं. रागाने नाही. गणित सुटत नसलं की माणूस फळ्याकडे बघतो तसं तिने माझ्याकडे बघितलं.

“रिचेल, हे आपलं का?”

ज्या मुलीने माइकशिवाय अख्ख्या मैदानाला ऐकवलं होतं, तिला सात माणसांपुढे एक शब्द बोलता येईना. मी फक्त मान हलवली.

मम्मी धक्क्यावर गेली. तिथे उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं की बोटींना काहीही झालेलं नाही, हे पुस्तकांचं आहे, चूक वाचनालयाची. माझं नाव घेतलं नाही. संग्रामला फोन करून अर्ध्या वाटेतून परत बोलावलं.

“पुस्तकांवर आता पोलीस बसवला काय?” सुझान काकीने विचारलं, आणि लोक हसले. पण सेबेस्टियन काका हसले नाहीत. ते फाइल छातीशी धरून उभे होते.

“मंग पुढच्या खेपेला पिशवी मिलनार का नाय?”

“मिळणार,” मम्मी म्हणाली.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते पोर्टल उघडून ‘स्वयंचलित कारवाई’ बंद करायला गेले. बटण राखाडी झालं होतं. दाबलं तर एक चौकोन आला, ‘ही सुविधा केवळ प्रमाणित ग्रंथपालांसाठी.’ म्हणजे चालू करायला कोणीही चालतं, बंद करायला सर्टिफिकेट लागतं. असं का, ते मला आजही समजलेलं नाही. मी मदतीच्या पानावर गेले. तिथे लिहिलं होतं, ‘सहावा धडा पाहा.’ सहाव्या धड्यात ती व्हिडिओतली बाई हसून सांगते की आता आपले काम किती हलके झाले.

एक्केचाळीस सभासद, एक्केचाळीस स्थगित. पोर्टल एकही पुस्तक द्यायला तयार नाही. मम्मीने जुनं रजिस्टर काढलं आणि पिशव्या भरायला घेतल्या. पण संस्था रजिस्टर बघणार नव्हती, संस्था पोर्टल बघणार होती. स्थगित सभासद पोर्टल मोजत नाही, त्यामुळे तिथे आमच्या नावापुढे दिसत होतं, दिलेली पुस्तकं शून्य.

दुसऱ्या दिवशी तारीख सव्वीस. परीक्षेची एकच संधी उरलेली.

“मम्मी, तुझे तीन प्रश्न मला दाखव,” मी म्हटलं.

तिने वही उघडली. चुकलेले प्रश्न तिने जसेच्या तसे उतरवून ठेवले होते. पहिला असा होता: ‘वाचकाने चाळीस दिवस पुस्तक परत केले नाही. आपण काय कराल? (अ) सूचना पाठवून सभासदत्व स्थगित करेन. (ब) वाट पाहीन. (क) घरी जाऊन चौकशी करेन. (ड) पुस्तक हरवल्याची नोंद करेन.’

“तू काय दिलंस?”

“पहिल्या वेळी ब. दुसऱ्या वेळी क.”

“असं का?”

“आधी वाट बघते, मग घरी जाते. दोन्ही सांगून झालं.”

“मम्मी, अ बरोबर आहे. ती बाई व्हिडिओत तीनदा सांगते.”

“मला माहितीये अ बरोबर आहे.”

मी वही तिच्या हातातून घेतली.

“मग अ का नाही दाबलंस?”

“‘बरोबर काय’ असं कुठे विचारलंय त्यांनी? ‘आपण काय कराल’ विचारलंय. मी काय करते ते सांगितलं.”

“मम्मी, हे कन्फेशन नाही. परीक्षा आहे.”

“कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर विसरून तरी जातात,” ती म्हणाली. “इथे लिहून ठेवतात.”

म्हणजे तीन आठवडे मी जिला शिकवत होते तिला सगळं येत होतं. हे समजल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं झालं. उत्तर माहीत असून चुकीचं देणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. आमच्या वर्गात सगळे बरोबर याच्या उलट करतात.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “तू बाजूला बस. तुझ्या नावाने मी देते परीक्षा. पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि तुझ्या नववीच्या पेपरला मी बसू?”

“गणिताच्या बसलीस तर चालेल.”

ती हसली नाही. “अ दाबलं की उद्या तेच करावं लागतं, रिचेल. काल बघितलंस ना सेबेस्टियनचं तोंड? चाळीस वर्षं समुद्रावर आहे तो. वादळाला घाबरत नाही. मेसेजला घाबरला.”

“मग पुस्तकं तुळिंजला जातील. तुझं काम जाईल.”

“जातील,” ती म्हणाली. मग वहीचं कोरं पान उघडून म्हणाली, “नववा धडा लाव.”

नववा धडा मी तिला सोडायला सांगितला होता. तो मोठ्या वाचनालयांसाठी, ज्यांना शाखा असतात त्यांच्यासाठी. परीक्षेत त्यावर एकच प्रश्न. मी तो स्वतः दुप्पट वेगाने बघितला होता, त्यात ती बाई डासासारखी गुणगुणते.

“तो आपल्या कामाचा नाही.”

“दिलाय ना त्यांनी? मग बघायचा. माझ्या गतीने.”

लावला. तिच्या गतीने म्हणजे एक वाक्य, थांब, वहीत लिही, पुढे. चोवीस मिनिटांचा धडा, दीड तास चालला. मी बाकड्यावर आडवी होऊन पंख्याकडे बघत होते आणि वाचनालय बंद झाल्यावर कपाटं कोण नेणार याचा विचार करत होते.

“मागे घे जरा,” मम्मी म्हणाली.

घेतलं.

“परत.”

घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला लावलं तेव्हा मीही ऐकलं. ‘शाखा म्हणजे असे कोणतेही ठिकाण, जिथे आपल्या वाचनालयाची पुस्तके ठेवली जातात आणि त्यांची जबाबदारी एका व्यक्तीवर असते. शाखेकडे पाठवलेल्या पुस्तकांना परतीची मुदत नसते.’

मम्मीने पेन खाली ठेवलं.

“इमारत पाहिजे असं म्हणाली का ती?”

“नाही. ठिकाण म्हणाली.”

“सेबेस्टियन जबाबदार माणूस आहे की नाही?”

“आहे.”

“देवमातावर पुस्तकं कुठे असतात?”

“केबिनमध्ये. मरियामातेच्या फोटोखाली जे फळकूट आहे, त्यावर.”

“मग चुकलं आपलंच,” मम्मी म्हणाली. “देवमाता वाचक नाही. ती शाखा आहे.”

मी हसले. मग हसणं थांबलं. मी परत ती व्याख्या वाचली, आणि अजून एकदा. ठिकाण म्हणजे जे जागेवर असतं ते ना? की जागेवर असलंच पाहिजे असं काही नाही? बोट हे ठिकाण आहे का, हे मी कोणाला विचारणार होते? भूगोलाच्या सरांना? ते म्हणतील, बाई, आधी नकाशा भर.

अठ्ठावीस तारखेला दुपारी मम्मी परीक्षेला बसली. मी मागे उभी होते, हात पाठीमागे बांधून, कारण तिने तशी अटच घातली होती. चाळीस दिवसांचा प्रश्न आला. ती थांबली. मग शांतपणे अ दाबलं.

“मम्मी?”

“आता चाळीस दिवस पुस्तक ठेवणारं माझ्याकडे कोण उरलं? बोटी तर शाखा झाल्या. राहिली एकटी बेटी टीचर. केकचं पुस्तक दोन वर्षं दाबून बसलीये, समोर तर राहते. तिला स्थगित करायला मला काहीच वाटणार नाही.”

नव्वद टक्के. एक प्रश्न चुकला, पण पास झालेल्यांना कुठला ते पोर्टल सांगत नाही. मम्मी अजून अधूनमधून विचारत असते.

राखाडी बटण उजळलं. मम्मीने स्वतःच्या बोटाने ते बंद केलं, मग पट्टीचा रंग बघितला, मग मला बघायला लावला. एक्केचाळीस बोटी सभासदांतून काढल्या आणि एक्केचाळीस शाखांचे फॉर्म भरायला बसलो. त्यात परत पत्ता.

“‘पाचूबंदर धक्का’ टाकते,” मी म्हटलं.

“धक्क्यावर ती महिन्याचे आठ दिवस असते. खोटं कशाला लिहायचं?”

म्हणून पत्ता लिहिला, ‘समुद्र.’ पिनकोड मात्र आमचाच टाकला, समुद्राला नसतो. शाखा उघडी असण्याची वेळ: ‘बोट बाहेर असते तेव्हा.’ जबाबदार व्यक्तीचं शिक्षण: सेबेस्टियन काकांनी फोनवर सांगितलं, “तिसरी लिव. पन चौथीत बसलो व्हतो थोडा.”

तीस तारखेला सकाळी सर्टिफिकेट ग्रुपवर टाकलं. नेहलने गुलाबाचं फूल टाकलं. दुपारी संस्थेतून विघ्नेश सरांचा फोन आला. मम्मीने स्पीकर लावला.

“लूर्डस मॅडम, अभिनंदन. पण एक अडचण आहे. सव्वीस तारखेला तुमचं पोर्टल शून्य दाखवत होतं, म्हणून तुमचं नाव बंद करायच्या यादीत गेलंय.”

“सर्टिफिकेट आलं ना पण?”

“आलं. पण यादीपण गेली. दुसरं म्हणजे,” सर थांबले, “बाकी सहा वाचनालयांच्या मिळून दोन शाखा आहेत. तुमच्या एकट्याच्या एक्केचाळीस दिसतायत. काही गडबड झालीये का?”

“नाही सर. एक्केचाळीसच आहेत.”

“जागा कोणी दिल्या?”

“ज्याच्या त्याच्या आहेत.”

फोनमधून कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले, “मी येतो. बघितल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही.”

मंगळवारी सकाळी आले. तरुण आहेत, विरारहून स्कूटरवरून आले, पाठीला बॅग, हातात टॅब्लेट, पायात पॉलिश केलेले बूट. मम्मीने मला शाळेला अर्धा दिवस दांडी मारू दिली, कारण जिने चूक केली तिने उत्तरालाही हजर राहायचं. त्या दिवशी धक्क्यावर एकच शाखा होती, देवमाता, आणि तीही भरती आली की निघणार होती. बर्फ भरून झाला होता.

सरांनी बूट काढून हातात घेतले आणि फळीवरून बोटीत चढले. केबिनमध्ये वाकून गेले. मरियामातेचा फोटो, त्याच्या बाजूला वायरलेस, आणि खाली फळकुटावर पिशवी, रबर लावलेली. सेबेस्टियन काकांनी ती स्वतः सोडून दाखवली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खलाशांच्या सह्या होत्या, काही सह्या, काही अंगठे. अंगठे कोणाचे, सरांनी विचारलं.

“ज्याला वाचता येत नाय त्याचा,” काका म्हणाले. “त्याला आमी वाचून दाखवतो. ऐकला त्याचा पन नाव पायजे ना?”

सरांनी एका अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग तिथेच पिंपावर बसून त्यांनी टॅब्लेट उघडला.

“तुमचं नाव यादीतून काढायला पोर्टलवर पर्यायच नाही,” ते मम्मीला म्हणाले. “फक्त ‘बंद करा’ आहे.”

“मग?” मम्मीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. मी तिचा हात धरला.

सरांनी ‘बंद करा’ दाबलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सर स्क्रीनकडे बघत डोकं खाजवत होते.

“शाखा असतील तर वाचनालय असं बंद होत नाही म्हणे. आधी प्रत्येक शाखेवर स्वतः जायचं, तपासणी करायची, तारीख टाकायची. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. आणि सगळ्या एकाच महिन्यात.” त्यांनी समुद्राकडे बघितलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. “बाकीच्या चाळीस कधी येतील?”

“येतील,” मम्मी म्हणाली. “आपल्या गतीने.”

ती थट्टा करत होती की नाही ते मला कळलं नाही. सरांनाही कळलं नसावं. त्यांनी परत एकदा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, तारखेच्या रकान्यात बोट ठेवलं, काढलं, आणि टॅब्लेट बंद करून बॅगेत टाकला.

“मला हे भरता येणार नाही,” ते म्हणाले. “कोणालाच येणार नाही. तुम्ही चालू ठेवा.”

खाली इंजिन धडधडायला लागलं होतं. फळी हलायला लागली. सर पिंपावरून उठेनात, एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडून सह्या वाचत बसले होते.

“सायेब,” सेबेस्टियन काका म्हणाले, “उतरा आता. नायतर तुमच्या नावापुढं पन लूर्डस लिवेल, बोट आली की.”